आधी दुरुस्ती, मग मस्ती!

सेकंडहॅण्ड जिप्सी घ्यायची आणि वीकेण्डला चिखलात घालायची, असं स्वप्न पडतंय? मग लिफ्ट आणि जाडजूड टायर्सवर खर्च करण्याआधी हे वाचाच...

जुलैमधला रविवार. मुळशीकडे एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या जागेत आम्ही तिघं. धो-धो पाऊस आणि माझी नवीकोरी (म्हणजे २००६ची!) जिप्सी अ‍ॅक्सलपर्यंत चिखलात रुतलेली. मित्राने त्याची जीप पुढे लावली. आम्ही ओढायचा पट्टा माझ्या गाडीच्या लोखंडी बंपरला बांधला. बंपर कसला, रणगाडाच तो! मित्राने अ‍ॅक्सलरेटर दाबला, पट्टा ताणला आणि खाडकन आवाज आला. अर्धा बंपर ब्रॅकेटसकट उडून जीपच्या मागच्या दारावर आदळला. दाराला हाताएवढा पोचा.

दोन मिनिटांपूर्वी माझा भाऊ तिथेच उभा राहून मोबाइलवर शूटिंग करत होता.

त्या दिवशी कोणालाही खरचटलं नाही. पण येताना गाडीत कोणी गाणी लावली नाहीत.

फर्निचर घेतलंय!

सोमवार ते शुक्रवार हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये फर्स्ट-सेकंड, फर्स्ट-सेकंड करणाऱ्या पब्लिकला डोंगर-चिखलाची ओढ का लागते, हे वेगळं सांगायला नको. आणि कमी पैशात फोर बाय फोर म्हटलं की आपल्याकडे पहिलं नाव येतं जिप्सीचं. मारुतीने ती १९८५च्या शेवटी आणली, एक लिटरच्या इंजिनावर. १९९६ला १.३ लिटर इंजिन आलं, २०००च्या सुमारास सोळा व्हॉल्व्हचं, ८० बीएचपीचं इंजिन. २०१९ला जिप्सी बंद झाली, पण लष्कर, पोलिस आणि रॅलीवाल्यांनी तिची जी हवा करून ठेवली आहे, ती काही कमी होत नाही. वजन जेमतेम एक टन, दोन्ही बाजूंना सॉलिड अ‍ॅक्सल, लो रेंजचा ट्रान्स्फर केस... आणखी काय पाहिजे?

माझ्या गाडीच्या आधीच्या मालकाने तर सगळं तयारच करून दिलं होतं. उंच केलेली बॉडी, राक्षसी टायर्स, तो लोखंडी बंपर, वर सहा लाइट्स. फोटो जाम भारी यायचे. आई फक्त एवढंच म्हणाली होती, ‘‘अगं, एवढ्या पैशात एसीवाली गाडी आली असती!’’

बंपर उडाल्यावर गाडी घेऊन कोथरूडमधल्या एका जुन्या गॅरेजात गेले. तिथले काका गाडीखाली शिरले, वीस मिनिटांनी बाहेर आले आणि हात पुसत म्हणाले, ‘‘मॅडम, तुम्ही गाडी नाही घेतली, फर्निचर घेतलंय.’’

बंपरचे ब्रॅकेट आतून गंजलेले होते. मागचे पाटे जिथे चासीला लागतात, तिथे स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तर गंजाचे पापुद्रे पडत होते. ब्रेकच्या नळ्या, रेडिएटरचे होस, पाट्यांचे बुश, सगळं वीस वर्षांचं. वरून सगळा थाट नवा आणि खालून गाडी म्हातारी.

काकांचा फंडा सिम्पल होता. जुन्या गाडीत नवीन काही बसवायच्या आधी, वयाने तिच्यातून जे काढून घेतलंय ते परत द्यायचं. मॉडिफिकेशनचा अर्धा भाग म्हणजे निव्वळ दुरुस्ती.

उंची कुठून आली?

उदाहरण घ्या लिफ्टचं. माझी गाडी उंच दिसायची, कारण मागच्या मालकाने पाट्यांमध्ये जास्तीची पानं टाकली होती. त्याने उंची मिळाली, पण पाटे कडक झाले. कडक पाट्यांची गाडी खड्ड्यात वाकत नाही, सरळ एक चाक हवेत उचलते. आणि इथेच गोची होते. साध्या डिफरन्शियलमध्ये जोर नेहमी सोप्या वाटेने पळतो, म्हणजे हवेतल्या चाकाकडे. ते चाक गरागरा फिरतं, जमिनीवरचं चाक ढिम्म! पुढे एक आणि मागे एक चाक असं फिरायला लागलं, की तुमची फोर बाय फोर जागेवरच नाचते.

काकांनी जास्तीची पानं काढली आणि कंपनीच्या मापाचे नवे पाटे, नवे बुश, नवे शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवले. गाडी थोडी खाली आली. पण पुढच्या वेळी त्याच ट्रॅकवर चारही चाकं जमिनीला चिकटून होती.

काही जण त्याहून मोठी उडी मारतात. जिप्सीचे पाटे अ‍ॅक्सलच्या खाली असतात, ते अ‍ॅक्सलच्या वर चढवतात. गाडी एका फटक्यात चार-पाच इंच उंच होते. पण मग स्टिअरिंगच्या दांड्यांचा कोन बिघडतो, ब्रेकच्या नळ्या अपुऱ्या पडतात, जोर लावला की अ‍ॅक्सल पिळवटतो आणि घाटातल्या वळणावर गाडी झुलते. शनिवारी दोन तास ट्रॅकवर आणि उरलेला आठवडा कात्रज बायपासवर चालणाऱ्या गाडीला हे झेपणारं नाही.

टायरमधली हवा काढा, डोक्यातलीसुद्धा

टायर्सचीही तीच कथा. मोठा टायर म्हणजे चाकाची एक फेरी लांब. म्हणजे गिअर आपोआप उंच झाले, चढावर १.३चं इंजिन धापा टाकायला लागलं, ब्रेक कमी पडले आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवायला लागला. त्यापेक्षा कंपनीने दिलेल्याच मापाचे चांगले ऑल टेरेन टायर्स घ्या आणि एक फुकटची युक्ती शिका. ट्रॅकवर उतरण्याआधी हवा कमी करायची. २६ पीएसआयवरून १८च्या आसपास आणली की टायर जमिनीवर पसरतो, लांब पावलं टाकतो, दगडाला धरतो. हजारो रुपयांच्या मॉडिफिकेशनने जे होत नाही, ते या पाच मिनिटांत होतं. फक्त डांबरी रस्त्यावर येण्याआधी हवा परत भरायची. त्यासाठी बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर गाडीत हवाच. कमी हवेने हायवेला लागलात तर टायर तापून फुटू शकतो.

आणि हो, बऱ्याच जुन्या जिप्सींमध्ये पुढच्या चाकांचे हब खाली उतरून हाताने लॉक करावे लागतात. मी पहिल्यांदा ते विसरले होते. लिव्हर फोर व्हीलवर, आणि पुढची चाकं सुट्टीवर! उलट कोरड्या डांबरावर फोर व्हील टाकू नका. वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, पण या सिस्टिममध्ये दोन्ही अ‍ॅक्सल एकाच गतीने बांधलेले असतात. तो ताण शेवटी ट्रान्स्फर केस आणि शाफ्टवर निघतो.

पाणी दिसलं की थांबा

ओढ्यात गाडी घालून दोन्ही बाजूंनी फवारे उडवायचे, हा तर प्रत्येक फोटोचा हट्ट. पण इंजिन हवा ओढतं, पाणी ओढलं तर मेलं. हवा दाबता येते, पाणी दाबता येत नाही, त्यामुळे आतला कनेक्टिंग रॉडच वाकतो. त्यामुळे आधी काठीने खोली बघा. पाणी वेगाने वाहत असेल, तर पायी उतरूही नका आणि गाडी तर घालूच नका. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही, गाडी ओढून बाहेर काढायची.

याहून गुपचूप होणारं नुकसान खाली असतं. तापलेलं डिफरन्शियल थंड पाण्यात बुडलं की आतली हवा आक्रसते आणि ब्रीदरच्या भोकातून पाणी आत खेचलं जातं. माझ्या गाडीचं ऑइल काढलं तेव्हा ते दुधाच्या कॉफीसारखं दिसत होतं. त्या ब्रीदरला रबरी नळी जोडून ती बॉनेटपर्यंत वर नेली, विषय संपला. आख्ख्या गाडीतलं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचं मॉडिफिकेशन.

आरटीओचं काय?

आता जरा सीरियस. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९मध्ये हे पुन्हा ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. लोखंडी बुल बार तर केंद्र सरकारने डिसेंबर २०१७मध्येच बेकायदा ठरवले आहेत. कारण सोपं आहे, धडकेत ते पादचाऱ्याला जास्त इजा करतात. शिवाय अपघात झाला आणि विमा कंपनीला बदल कळवलेले नसतील, तर क्लेम अडकू शकतो.

पंधरा वर्षांनंतर गाडीचं पासिंग पुन्हा करावं लागतं आणि पुढे दर पाच वर्षांनी. महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण करही आहे. तेव्हा बघायला गेलात, की आधी आरसी बुक आणि मग गाडी. चासी नंबर, इंजिन नंबर जुळतोय ना, पासिंग कधीपर्यंत आहे, ते बघा. कंपनीच्या मापाने दुरुस्त केलेल्या गाडीला इथेही टेन्शन नाही.

ट्रॅक कुणाचा?

शेवटचा मुद्दा, फोटोत न दिसणारा. सह्याद्रीतले सडे लांबून नुसते कातळ वाटतात, पण पावसाळ्यात त्याच दोन बोटं मातीवर फुलं येतात. कासचं पठार २०१२पासून जागतिक वारसा यादीत आहे, ते याच फुलांमुळे. एकदा टायर फिरला की ती माती पुढच्या पावसात वाहून जाते. तेव्हा सडा, जंगल, गवताळ कुरण यांवर गाडी घालायची नाही. आहे त्या वाटेने जायचं, जागा ज्याची असेल त्याला विचारूनच. शेताचा बांध मोडला तर तो दुरुस्त करूनच परत फिरायचं.

माझ्या जिप्सीवर आता ना सहा लाइट्स आहेत, ना तो बंपर. चासीला वेल्डिंग आणि रंग झालाय, चासीवर पुढे-मागे पक्के हुक आहेत. पार्किंगमध्ये शेजारच्या मुलाने विचारलं, ‘‘ताई, गाडी साधी का केली?’’

परवा त्याच मुळशीच्या ट्रॅकवर गेलो होतो. एक झगमगती, उंचच उंच जीप रुतली होती. आम्ही पट्टा काढला, चासीच्या हुकला लावला आणि भाऊ स्वतःहून पन्नास पावलं लांब जाऊन उभा राहिला.

पहिल्या ट्रेलआधीची चेकलिस्ट

• चासीला गंज आहे का, ते गाडीखाली शिरून बघा. विशेषतः पाटे जिथे बसतात तिथे.
• बजेटचा पहिला हप्ता ब्रेक, स्टिअरिंग, रेडिएटर आणि पाट्यांवर. लाइट्स सगळ्यात शेवटी.
• पट्टा फक्त चासीच्या हुकला. बंपर, अ‍ॅक्सल किंवा ट्रेलरच्या बॉल हुकला कधीच नाही.
• ओढताना पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट अंतरात कोणी उभं राहायचं नाही. शूटिंगसाठीही नाही!
• एकटी गाडी घेऊन जाऊ नका. किमान दोन गाड्या हव्यातच.
• पाण्यातून आल्यावर डिफरन्शियल आणि गिअरबॉक्सचं ऑइल तपासा.
• फर्स्ट एड, फावडं, कॉम्प्रेसर, प्यायचं पाणी आणि घरी सांगून ठेवलेला रूट.