तोडीमुळे टिकलेले वन
इंग्लंडच्या सफोक काउंटीतील ब्रॅडफील्ड वुड्समध्ये शिरल्यावर पाखरांखेरीज फारसा आवाज कानी येत नाही. ही शांतता मात्र अस्पर्श अरण्याची नव्हे. निदान १२५२ सालापासून येथे नियमित तोड चालते. हेझल, अ‍ॅश ही झाडे जमिनीलगत छाटतात. मुळे शाबूत राहतात, खुंटाला नवे धुमारे फुटतात आणि काही वर्षांनी पुन्हा कुऱ्हाड लागते. त्यामुळे एकेक खुंट शतकानुशतके जगतो. मोकळ्या जागेत ऊन उतरून वसंतात रानफुले उमलतात. विसाव्या शतकात यातला मोठा भाग शेतीसाठी मुळासकट उखडला गेला. उरलेल्या वनापुढे आता अ‍ॅशला मारणाऱ्या बुरशीचे संकट आहे. ब्रिटनमध्ये ती २०१२ साली आढळली. आणि तोडीनंतर फुटणारे कोवळे धुमारेच तिला लवकर बळी पडतात.