घर, गाव आणि कायदा
दिव्यांगांचा समाजात राहण्याचा हक्क

बिदर जिल्ह्यातील औराद, कमलनगर, भालकी व बसवकल्याण या तालुक्यांत, तसेच कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद परिसरात मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा एकाच अंगणात नांदतात. या अंगणात एक प्रश्न मात्र दोन्ही भाषांतून सारख्याच व्याकुळतेने विचारला जातो. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलीची आई, अंथरुणास खिळलेल्या मुलाचे वडील किंवा मानसिक आजाराने ग्रासलेल्या माणसाचा थोरला भाऊ विचारतो, “आमच्या माघारी याचे कोण पाहणार?” या चिंतेपोटी पुष्कळदा असा निर्णय होतो की, याला दूरच्या एखाद्या संस्थेत नेऊन ठेवावे. चिंता खरी आहे. परंतु संस्था हे तिचे एकमेव उत्तर नव्हे आणि कायद्याच्या दृष्टीने ते पहिले उत्तर तर नव्हेच.

कायदा काय सांगतो?

भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांगविषयक करारास मान्यता दिली. त्यास अनुसरून संमत झालेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याच्या पाचव्या कलमात प्रत्येक दिव्यांग व्यक्तीस समाजात राहण्याचा हक्क आहे, असे स्पष्ट शब्दांत नमूद केले आहे. कोणासही विशिष्ट ठिकाणीच राहणे भाग पडू नये आणि घरी किंवा गावात राहण्यासाठी लागणारे साहाय्य त्यास मिळावे, यासाठी शासनाने प्रयत्न करावयाचा आहे. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हक्क निःसंदिग्ध आहे. सेवांच्या बाबतीत मात्र कायदा ‘प्रयत्न’ हा शब्द वापरतो. म्हणूनच मागणी करणारा नागरिक आणि ती नोंदवून घेणारा अधिकारी, या दोघांच्या जागरूकतेवर त्या प्रयत्नाची गती अवलंबून राहते.

बालकांबाबत नववे कलम अधिक काटेकोर आहे. केवळ अपंगत्वाच्या कारणावरून कोणत्याही बालकास आईवडिलांपासून वेगळे करता येत नाही. तसे करणे बालकाच्या हिताचे असल्यास सक्षम न्यायालयाचा आदेश लागतो. आईवडील असमर्थ असतील तर प्रथम जवळचे नातलग, त्यानंतर समाजातील कौटुंबिक वातावरण आणि अपवादात्मक परिस्थितीतच निवारागृह, असा क्रम कायद्याने घालून दिला आहे. शिक्षकबंधूंनी हा क्रम पालकांना अवश्य समजावून सांगावा.

मानसिक आजार आणि साखळदंड

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. घर नाही, घरचे स्वीकारीत नाहीत किंवा गावाकडे सोय नाही, एवढ्याच कारणास्तव कोणासही मनोरुग्णालयात ठेवून घेता येणार नाही, असे त्याचे एकोणिसावे कलम सांगते. पंचाण्णवाव्या कलमाने रुग्णास कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. या तरतुदीमागे दुःखद इतिहास आहे. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी एका आश्रयस्थानास आग लागून २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. साखळ्यांनी जखडलेले असल्याने त्यांना पळताही आले नाही.

कलबुर्गी जिल्ह्यातील श्रीक्षेत्र गाणगापूर येथे मनाने खचलेल्या आप्तांना घेऊन महाराष्ट्रातून व कर्नाटकातून कुटुंबे येत असतात. श्रद्धेच्या आड कायदा येत नाही. साखळीच्या मात्र येतो. दर्शनाबरोबर औषधोपचारही चालू ठेवावेत, हेच श्रेयस्कर होय.

असे उपचार गावाजवळ होऊ शकतात, याचा पुरावा याच विभागात आहे. बळ्ळारी जिल्ह्यात १९८५ मध्ये बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टर व आरोग्यसेवक यांना प्रशिक्षण देऊन मनोरुग्णांवर त्यांच्याच परिसरात उपचार सुरू केले. पुढे १९९६ पासून हाती घेतलेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमास हाच प्रयोग आदर्श ठरला.

कोणाकडे जावे?

प्रथम अपंगत्वाचे प्रमाणपत्र व ओळखपत्र काढावे. सीमाभागातील कुटुंबे उपचारासाठी उदगीर, लातूर किंवा सोलापूर गाठतात. प्रमाणपत्र कोणत्याही राज्यात मिळालेले असो, ते साऱ्या देशात ग्राह्य असते. कर्नाटकात ग्रामपंचायतीच्या पातळीवर ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ता व तालुक्याच्या पातळीवर बहुउद्देशीय पुनर्वसन कार्यकर्ता नेमण्याची योजना आहे. अर्ज भरण्यास त्यांचे साहाय्य घ्यावे. मानसिक त्रासाबाबत १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य सल्ला मिळतो.

दिव्यांग व्यक्तीस कोणी मारहाण करीत असेल, उपाशी ठेवीत असेल किंवा तिचे शोषण करीत असेल, तर कोणाही नागरिकास कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे तालुक्याच्या ठिकाणी तहसीलदारांकडे, माहिती देता येते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून दिव्यांगांना मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

आमच्या माघारी

आता मूळ प्रश्नाकडे वळू. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता यांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास अधिनियम आहे. त्याखालील स्थानिक समितीकडे आईवडिलांना आपल्या हयातीतच, आपल्या पसंतीच्या व्यक्तीस पालक नेमण्यासाठी अर्ज करता येतो. जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी या समितीत असतो. दिव्यांग अपत्याचा वारसाहक्क इतर भावंडांच्या बरोबरीचा आहे. जमिनीच्या वाटणीत त्याचे नाव गाळले जाऊ नये, हे आईवडिलांनी डोळ्यांत तेल घालून पाहावे. नाव कागदावर असले, की घरातील त्याची जागाही पक्की होते.

ज्यांना खरोखरच कोणी नाही, त्यांच्यासाठी संस्था लागतील. त्या नोंदणीकृत असाव्यात आणि तेथे राहणाऱ्याची माणूस म्हणून प्रतिष्ठा राखली जावी. परंतु ज्याचे घर आहे, गाव आहे, त्याला त्यापासून तोडण्यापूर्वी ग्रामसभेने, शाळेने व कचेरीने स्वतःस एकच प्रश्न विचारावा : याला येथेच राहता यावे म्हणून आपण काय केले? त्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर गावोगावी मिळू लागेल, त्या दिवशी माघारी राहणाऱ्या लेकरांची चिंता एकट्या आईबापांची उरणार नाही.