पहिली खबर

बँकेवर दरोडा पडला की गावात पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘किती रक्कम गेली?’ हा. पोलिसांचा पहिला प्रश्न मात्र निराळा असतो. चोर जाऊन किती मिनिटे झाली, ते कोणत्या दिशेने गेले, त्यांच्याजवळ शस्त्रे होती काय आणि कोणी जखमी आहे काय, हे त्यांना आधी हवे असते. रक्कम सायंकाळीही मोजता येते; गेलेली मिनिटे परत मिळत नाहीत. बँकेने पोलिसांना खबर कशी द्यावी, या विषयाचे सारे मर्म एवढ्या एका फरकात आहे.

बडोदे शहराला बँक ही संस्था नवी नाही. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बँक ऑफ बडोदाची स्थापना २० जुलै १९०८ रोजी याच शहरात झाली. शहराच्या प्रतापनगर भागात रेल्वेच्या बडोदे विभागाचे कार्यालय आहे आणि रेल्वे स्थानकही आहे. अशा भागातील एखादी शाखा कल्पनेने डोळ्यांपुढे आणावी. दुपारची वेळ आहे. निवृत्तिवेतन घेण्यास आलेली वृद्ध मंडळी बाकावर बसली आहेत. इतक्यात चार माणसे आत शिरतात, पिस्तूल रोखतात, रोखपालापुढील रोकड पिशवीत भरतात आणि पाच मिनिटांत निघून जातात. आता शाखाधिकाऱ्याने काय करावे?

त्याला सहज सुचते ते असे की, आधी वरिष्ठांना दूरध्वनी करावा, त्यांची अनुमती घ्यावी, हिशेब जुळवून नक्की आकडा काढावा आणि मग पोलीस ठाणे गाठावे. बँकेची अब्रू जाईल ही धास्ती तर मनात असतेच. हा क्रम सर्वस्वी चुकीचा होय. चोर समोर असेतो प्रतिकार करू नये. माणसाच्या जिवापुढे रोकडीला किंमत नाही. ते बाहेर पडताच दार बंद करावे, जखमींकडे पाहावे आणि ११२ या क्रमांकावर तत्काळ कळवावे. शाखेचे नाव, पत्ता आणि ओळखीची खूण प्रथम सांगावी. मग माणसे किती होती, शस्त्रे कोणती, वाहन कोणते आणि ते कोणत्या बाजूस वळले, हे सांगावे. पलीकडचा माणूस सांगेपर्यंत दूरध्वनी ठेवू नये. वरिष्ठांना दुसऱ्याने कळवावे.

पुष्कळांना हद्दीचा प्रश्न अडवतो. स्थानकाच्या आवारात लोहमार्ग पोलिसांचा अधिकार, तर बाहेरच्या रस्त्यावर शहर पोलिसांचा. रोकड नेणारी गाडी या दोहोंच्या सीमेवर लुटली गेली तर जावे कोठे? १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमाने या शंकेस जागा ठेवलेली नाही. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. ती तोंडी देता येते, तशीच इलेक्ट्रॉनिक मार्गानेही पाठवता येते. मात्र अशा खबरीवर देणाऱ्याने तीन दिवसांत स्वाक्षरी केली पाहिजे. नोंदीची प्रत विनामूल्य मिळण्याचा हक्क खबर देणाऱ्यास आहे. ठाण्याने नोंद नाकारली तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी हकीकत पाठवता येते आणि तेथेही दाद न लागल्यास न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाता येते.

खबरीतील शब्दही तोलून वापरले पाहिजेत. बोलण्यात आपण सर्वच प्रकारांना दरोडा म्हणतो. कायदा तसे म्हणत नाही. धाक किंवा बळ वापरून माल नेला तर ती जबरी चोरी होते, आणि पाच किंवा अधिक जण मिळून ती करतील तर तो दरोडा होतो. येथे हजर राहून साहाय्य करणाराही मोजला जातो. आपल्या कल्पित शाखेत चौघे शिरले होते; पण बाहेर गाडी चालू ठेवून पाचवा बसला असेल, तर गुन्ह्याचे स्वरूपच पालटते. म्हणून दारातल्या चहावाल्याने काय पाहिले, हेही रोखपालाच्या हकीकतीइतकेच मोलाचे असते. तथापि कलम शोधणे हे बँकेचे काम नव्हे. जे पाहिले ते तिने सांगावे. नाव पोलीस देतील.

बंद बँक फोडली जाते तेव्हा गोष्ट आणखी वेगळी होते. नोव्हेंबर २०१७ मध्ये नवी मुंबईतील जुईनगर येथे बँक ऑफ बडोदाच्या शाखेत असा प्रकार घडला. चोरट्यांनी जवळच एक गाळा भाड्याने घेतला होता. तेथून भुयार खणून ते लॉकरच्या खोलीत शिरले आणि तीस लॉकर रिकामे केले. सुट्टीनंतर सोमवारी शाखा उघडली तेव्हा हे उघडकीस आले. अशा वेळी चोरांचे वर्णन सांगणारा कोणी नसतो. दार शेवटी कोणी, केव्हा बंद केले, किल्ल्या कोणाकडे होत्या, धोक्याची घंटा वाजली काय आणि शेजारी नवे भाडेकरू कोण आले, हीच तेथील खरी खबर असते.

खबर दिल्यानंतरचे काम म्हणजे जागा जशीच्या तशी राखणे. चोरांनी हात लावलेल्या काचेवर, मेजावर वा दारावर दुसऱ्याचा हात पडू देऊ नये. झाडलोट करू नये. ज्या गुन्ह्यास सात वर्षे किंवा अधिक शिक्षा आहे, त्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी यावे अशी तरतूद नव्या संहितेत असून राज्यांनी ती पाच वर्षांच्या आत लागू करावयाची आहे. परंतु पुसून गेलेला ठसा कोणताही तज्ज्ञ परत आणू शकत नाही. कर्मचाऱ्यांनी एकत्र बसून हकीकत जुळवू नये. प्रत्येकाने आपल्याला दिसले तेवढेच स्वतंत्रपणे टिपून ठेवावे. सीसीटीव्हीचे चित्रण सुरक्षित ठेवून पोलिसांच्या स्वाधीन करावे. ते मोबाईलवर वाटत सुटू नये. साक्षीदारांनी आरोपीचा चेहरा आधीच चित्रात पाहिला, तर पुढे ओळख परेडचे मोल उरत नाही.

आता रकमेविषयी. पहिल्या खबरीत अंदाज सांगावा आणि तो अंदाज आहे असे स्पष्ट म्हणावे. पहिली खबर हा संपूर्ण इतिहास नव्हे. तपासाचे चाक फिरवणारा तो पहिला धक्का होय. मोजणीनंतर नोटांचे प्रकार, पुडक्यांवरील पट्ट्या आणि क्रमांक नोंदलेले असल्यास तेही पुरवणी जबाबात द्यावेत. आकडा फुगवला तर सगळी खबरच संशयास्पद ठरते. उशिराचेही तसेच आहे. थुलिया काली खटल्याच्या १९७२ मधील निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, खबरीस विलंब झाला म्हणजे तिचा ताजेपणा जातो आणि रचलेल्या हकीकतीस वाव मिळतो.

रिझर्व्ह बँकेला कळवणे हे याहून वेगळे कर्तव्य आहे. १५ जुलै २०२४ च्या निर्देशांनुसार चोरी, घरफोडी, जबरी चोरी आणि दरोडा यांची खबर, प्रयत्न फसला असला तरीही, तिला ताबडतोब आणि फार तर सात दिवसांत द्यावयाची असते. हे सात दिवस रिझर्व्ह बँकेसाठी आहेत. पोलिसांसाठी सात मिनिटेही नाहीत.

ठेवीदारांनी एवढे ध्यानात ठेवावे की, रोकड लुटली गेली म्हणून खात्यावरील शिल्लक कमी होत नाही; ते बँकेचे देणे कायम राहते. लॉकरचे तसे नाही. आत काय होते हे बँकेला ठाऊक नसते, म्हणून प्रत्येक धारकाने आपल्या वस्तूंची हकीकत स्वतः पोलिसांना दिली पाहिजे. २०२१ मधील निर्देशांप्रमाणे अशा चोरीत बँकेचे दायित्व लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपट इतके ठरते.

दरोड्यानंतर संशयाची पहिली नजर पुष्कळदा पिंजऱ्यातील रोखपालाकडे वळते. किल्ल्या त्याच्याकडे, हिशेब त्याच्याकडे आणि पिस्तूलही त्याच्यावरच रोखलेले. वेळेवर दिलेली, न फुगवलेली, न दडवलेली खबर गुन्हेगाराचा माग काढण्यास साह्य करते, त्याप्रमाणेच या निरपराध माणसाची लाजही राखते. बँकेची अब्रू खबर लपवल्याने वाचत नाही. ती खरी खबर वेळेवर दिल्यानेच वाचते.