होकायंत्र काढून स्क्रीन बसवताना

ओझरची विमानं बघत नाशकात वाढलेल्या माझ्यासारख्यांना घरी बांधलेल्या विमानांचं भारी वेड. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत गच्चीवर बांधलेलं सहा आसनी विमान २०२० मध्ये धुळ्यात उडालं, तेव्हापासून तर जास्तच!

जगभर अशा विमानांत आता द्रवात तरंगणाऱ्या तबकडीच्या होकायंत्राऐवजी मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणारा सेन्सर, आणि स्क्रीन बसवतात. वळताना, वेग वाढवताना जुनी तबकडी भरकटते. मॅग्नेटोमीटरला वळण मोजणाऱ्या जायरोची जोड मिळाल्याने स्क्रीनवरची दिशा स्थिर राहते. खरी मेख आहे जागेची. सेन्सर पंखात किंवा शेपटीकडे, इंजिन आणि लोखंडी भागांपासून लांब हवा. स्क्रू पितळेचे. पंखाच्या टोकावरच्या दिव्याची वायर जवळून गेली, तर दिवा लावताच आकडा हलतो. म्हणून इंजिन, दिवे, रेडिओ सगळं चालू ठेवून, विमान गोल फिरवत तपासायचं.

विजेचा हा त्रास जुनाच. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय वेधशाळा कुलाब्याहून अलिबागला न्यावी लागली. १९०४ पासून तिथे नोंदी होतात.

कुणी म्हणेल, ‘जीपीएस आहे की!’ पण जीपीएस विमान कुठे सरकतंय ते सांगतं, नाक कुठे आहे ते नाही. वेग १०० नॉट आणि आडवा वारा २० नॉट असेल, तर दोन्हींत ११-१२ अंशांचा फरक पडतो.

माझं स्पष्ट मत: स्क्रीनला स्वतंत्र बॅटरी द्या, आणि छोटं होकायंत्रही राहू द्या. फक्त त्यातही चुंबक असतो, सेन्सर त्याच्याजवळ नको.