परदेशांत वाढलेला सण

मार्चची 17 तारीख हा आयर्लंडच्या सेंट पॅट्रिकचा स्मृतिदिन होय. ज्या संताच्या नांवानें आयरिश लोक आपला राष्ट्रीय सण पाळतात, तो जन्मानें आयरिश नव्हता. पांचव्या शतकांतील हा ब्रिटनचा रहिवासी. वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास चांच्यांनीं त्याला धरून आयर्लंडांत नेलें. तेथें सहा वर्षें त्यानें गुलाम म्हणून जनावरें राखलीं. मग तो निसटून घरीं परतला आणि पुढें धर्मोपदेशक होऊन स्वखुषीनें त्याच भूमींत गेला. ही हकीकत त्यानें स्वतःच लॅटिन भाषेंत लिहून ठेविली आहे.

संत जसा बाहेरून आला, तसाच त्याच्या सणाचा आजचा थाटहि बहुतांशीं बाहेरूनच आला. खुद्द आयर्लंडांत हा दिवस दीर्घकाळ शांत, धार्मिक असे. लोक टोपीला शॅमरॉकचें, म्हणजे बेलाच्या पानासारखें, त्रिदल खोंवून प्रार्थनेस जात. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळांत हा सण येत असल्यामुळें त्या दिवसापुरते निर्बंध सैल होत आणि घरोघर गोडीनें जेवण होई. 1903 सालीं या दिवशीं कायद्यानें सुटी मिळूं लागली. परंतु 1927 च्या कायद्यानें त्याच दिवशीं दारूचे गुत्ते बंद ठेवण्याचें ठरविलें! डब्लिनचा अनेक दिवसांचा प्रसिद्ध महोत्सव तर 1996 सालीं सुरू झाला.

उलट अमेरिकेंत बोस्टनच्या आयरिश रहिवाशांनीं 1737 सालींच या मुहूर्तावर गरजू देशबांधवांच्या साहाय्यासाठीं एक संस्था स्थापिली. न्यूयॉर्कची मिरवणूक 1762 पासूनची मानितात. घरीं जें मुकाट्यानें पाळतां येई, तें परदेशीं रस्त्यावर आणावेंसें कां वाटलें? याचें उत्तर एकोणिसाव्या शतकाच्या इतिहासांत आहे. 1845 मध्यें बटाट्याच्या पिकावर रोग पडला. पुढील सात वर्षांच्या दुष्काळांत सुमारें दहा लक्ष माणसें मेलीं आणि त्याहूनहि अधिक देशांतर करतीं झालीं. नव्या देशांत त्यांच्या वांट्यास हलकीं कामें आणि शेजाऱ्यांचा तिरस्कार आला. फिलाडेल्फियांत 1844 च्या दंग्यांत कॅथॉलिकांचीं देवळें जाळण्यांत आलीं होतीं. 1867 सालीं थॉमस नास्ट या व्यंगचित्रकारानें याच सणाच्या दिवशींचे आयरिश लोक माकडतोंडे दंगेखोर म्हणून रंगविले. अशा ठिकाणीं स्वच्छ पोषाख करून, निशाणें घेऊन, शिस्तीनें चालणें हें उत्सवाइतकेंच उत्तरहि होतें.

तथापि केवळ स्वकीयांच्या गर्दीनें हा सण मोठा झाला नाहीं. फिलाडेल्फियाच्या 1771 मध्यें निघालेल्या आयरिश मित्रमंडळानें आयरिश वंशाचा नसलेल्या जॉर्ज वॉशिंग्टनला 1782 सालीं 'दत्तक' सभासद करून घेतलें. त्याच्या दोन वर्षें आधीं, युद्धाच्या ऐन हलाखींत, वॉशिंग्टननें आपल्या फौजेला 17 मार्चची सुटी दिली होती. जेवणांतहि शेजार उतरला. आयर्लंडांत कोबीबरोबर खारविलेलें डुकराचें मांस शिजे; अमेरिकेंत त्याची जागा खारविलेल्या गोमांसानें घेतली, आणि न्यूयॉर्कमध्यें तें ज्यू खाटिकांकडून येई असें सांगतात. कॅरिबियन समुद्रांतील माँटसेराट बेटावर तर या दिवसाला दुहेरी अर्थ आहे. तेथें आयरिश वसाहतवाल्यांच्या मळ्यांवर आफ्रिकन गुलाम राबत. 1768 सालीं मालक सणांत दंग असतील हें जाणून गुलामांनीं याच दिवशीं उठावाचा बेत केला. तो फुटला आणि मोडून काढण्यांत आला. आज तेथील लोक त्या उठावाचेंहि स्मरण करितात.

हिरवी टोपी घालून पेला उंचावणें आज अनेक शहरांत सोपें झालें आहे, आणि परक्यांनीं सणांत सामील व्हावें यांत आयरिशांना वावगें वाटत नाहीं. मात्र दारूबाज आयरिश माणसाचें सोंग ज्या कुचेष्टेंतून निघालें, तिलाच तोंड देण्यासाठीं त्यांचे पूर्वज रस्त्यावर उतरले होते. तें सोंग टाळून यजमानाच्या घरची कहाणी ऐकणारा मित्र हाच या सणाचा खरा पाहुणा. कारण गुलाम म्हणून आणलेल्या एका परक्याला ज्यांनीं आपला संत मानिलें, त्यांचाच हा सण आहे.