मराठी संख्यानामांतील एकक-दशक क्रम

मराठीत दोन अंकी संख्येचे नाव उच्चारताना सामान्यतः एकक आधी व दशक नंतर येते. ती संख्या अंकांत लिहिताना मात्र दशक आधी येते. 'सत्तावीस' या शब्दात 'सात' आधी ऐकू येतो, पण २७ लिहिताना प्रथम २ लिहावा लागतो. त्यामुळे नुकतेच अंकलेखन शिकणारे मूल २७ ऐवजी ७२ लिहिण्याचा संभव असतो. ही चूक गणिताच्या अज्ञानातून नव्हे, तर ऐकलेला क्रम तसाच कागदावर उतरवल्याने होते.

रचना

हा क्रम संस्कृतातून आला आहे. 'द्वापञ्चाशत्' (दोन आणि पन्नास) यापासून 'बावन्न' हे रूप सिद्ध झाले. कालौघात ध्वनी बदलल्याने शब्दांचे मूळ घटक अस्पष्ट झाले. दोन या संख्येचीच बारा, बत्तीस, बेचाळीस, बासष्ट, ब्याऐंशी अशी निरनिराळी रूपे दिसतात. 'सत्तर'मधील 'स'चा 'बाहत्तर'मध्ये 'ह' होतो. परिणामी शंभरपर्यंतची बहुतेक नावे स्वतंत्रपणे पाठ करावी लागतात.

'एकोण' म्हणजे एकाने ऊन, अर्थात एकाने कमी. एकोणतीस म्हणजे तीस उणे एक. येथे कानी 'तीस' पडते, पण दशकस्थानी २ लिहावा लागतो. ही वजाबाकीची पद्धत १९ पासून ८९ पर्यंत चालते. ९९ ला मात्र 'एकोणशंभर' न म्हणता 'नव्याण्णव' म्हणतात.

तीन अंकी संख्येत क्रम आणखी बदलतो. 'एकशे पंचवीस' या नावात शतक, एकक, दशक असा क्रम लागतो.

सांगली जिल्ह्याचा सीमाभाग

कन्नडमध्ये दशक आधी येते. २१ म्हणजे 'इप्पत्तोंदु' (वीस-एक) आणि ५२ म्हणजे 'ऐवत्तेरडु' (पन्नास-दोन). सांगली जिल्ह्यातील जत तालुका कर्नाटकाला लागून असून तेथे कन्नड भाषकांची वस्ती व कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. त्यामुळे एकाच परिसरात दोन्ही क्रम कानी पडतात. घरी कन्नड बोलणाऱ्या मुलाला मराठी संख्या शिकताना नव्या शब्दांबरोबर उलटा क्रमही आत्मसात करावा लागतो.

२०१९ मधील वाद

२०१९ मध्ये बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात 'वीस एक', 'तीस दोन' अशी वाचनपद्धती देण्यात आली. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर होत्या. जोडाक्षरयुक्त नावे मुलांना कठीण जातात, नव्या पद्धतीत उच्चार व लेखन यांचा क्रम जुळतो आणि जुनी नावे रद्द केलेली नाहीत, अशी समितीची भूमिका होती. रूढ शब्द मागे पडतील आणि व्यवहारातील भाषेशी मुलांचा संबंध तुटेल, असा विरोधकांचा आक्षेप होता. विधिमंडळातही या विषयावर चर्चा झाली.

अन्य भाषा

जर्मन व अरबी भाषांतही एकक आधी येते. इंग्रजीत 'थर्टीन'पासून 'नाइन्टीन'पर्यंत हाच क्रम आहे. 'ट्वेंटी वन'पासून तो बदलतो. नॉर्वेने १९५१ मध्ये दशक आधी उच्चारण्याची पद्धत अधिकृतपणे स्वीकारली. तरीही तेथील बोलण्यात जुना क्रम पूर्णपणे लोपलेला नाही.