बिबट्याला संरक्षण, बोगद्याला सूट : आपले म्हणणे मांडायचे कुठे?

2018 च्या जानेवारीत मुलुंड पूर्वेच्या नाणेपाडा भागात भर वस्तीत बिबट्या शिरला होता. सहा जण जखमी झाले. वनखात्याने त्याला बेशुद्ध करून पकडले आणि घेऊन गेले. तेव्हा कित्येकांनी विचारले, माणसांवर हल्ला केला तरी गोळी का नाही घातली? आणि आता गोरेगाव–मुलुंड जोडरस्त्याचे बोगदे निघाल्यावर वर्गातली मुले उलटा प्रश्न विचारतात: “बिबट्याला हात लावायचा नाही, मग त्याच्या जंगलाखालून रस्ता कसा काय चालतो?”

दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच कायद्यात आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972. आम्ही वकील नाही, शिक्षक आहोत. पण हे कळायला वकील व्हावे लागत नाही.

आधी बिबट्याचे घेऊ. तो पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण असलेला प्राणी. त्याला मारण्याची परवानगी राज्यात एकच अधिकारी देऊ शकतो, मुख्य वन्यजीव रक्षक. तीही प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल किंवा बरा न होण्याइतका आजारी, जायबंदी असेल तरच. पकडता येत नाही, बेशुद्ध करता येत नाही, दुसरीकडे हलवता येत नाही याची आधी खात्री करायची. आणि हुकूम लेखी हवा, त्यात कारणे हवीत. हा लेखी कारणांचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण सगळी मेख तिथेच आहे. कारण लिहिलेले असले की त्यावर कोर्टात बोलता येते. यवतमाळच्या पांढरकवड्याच्या ‘अवनी’ वाघिणीचे हेच झाले. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. मारण्याच्या हुकुमाला आव्हान दिले गेले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही आणि नोव्हेंबर 2018 मध्ये ती मारली गेली. निकाल कुणाला पटो न पटो, दोन्ही बाजू ऐकल्या तर गेल्या.

आता बोगद्याचे. जोडरस्ता 12.2 किलोमीटरचा. त्यात गोरेगावच्या चित्रनगरीपासून मुलुंडच्या खिंडीपाड्यापर्यंत 4.7 किलोमीटरचे जुळे बोगदे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाखालून जाणार. सव्वा तासाचा प्रवास पंचवीस मिनिटांवर येईल, असे पालिका सांगते. खरे सांगायचे तर आम्हालाही हा रस्ता हवा आहे. मालाड-जोगेश्वरीला नातेवाइकांकडे लग्नाला जायचे तर आपला अर्धा दिवस रस्त्यातच जातो. म्हणून हा लेख रस्त्याच्या विरोधात आहे असे कुणी समजू नये.

राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्यातल्या अधिवासाला धक्का लावायचा तर काय करावे लागते? कायद्यातले शब्द बघा: तिथल्या वन्यजीवांच्या सुधारणेसाठी आणि चांगल्या व्यवस्थापनासाठी आवश्यक असेल तरच परवानगी. रस्त्याने किंवा रेल्वेने वन्यजीवांची सुधारणा कशी होते, हे आम्हाला अजून कुणी समजावलेले नाही. तरी अटी घालून परवानग्या मिळतात. प्रस्ताव ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर जातो. मग राज्य वन्यजीव मंडळ, त्याचे अध्यक्ष मुख्यमंत्री. मग राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची स्थायी समिती, तिचे अध्यक्ष केंद्रीय पर्यावरणमंत्री. ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्यातून जाणाऱ्या बुलेट ट्रेनला याच वाटेने 2019 च्या सुरुवातीला मंजुरी मिळाली.

या सगळ्या वाटेवर तुम्हाआम्हाला बोलावून ऐकून घेण्याची सोय नाही. बैठकीचे इतिवृत्त नंतर पोर्टलवर येते, ते वाचायचे. बस्स.

अमेरिकेत वेगळी पद्धत आहे. तिथे 1978 मध्ये कायदा बदलून सात जणांची एक समिती नेमली गेली, जी एखाद्या प्रजातीला मिळालेल्या संरक्षणातून प्रकल्पाला सूट देऊ शकते. तिला लोक ‘गॉड स्क्वॉड’ म्हणतात. (नाव ऐकून आम्ही आधी तौबा केली!) समितीपुढे प्रकरण येण्याआधी रीतसर सुनावणी होते, साक्षीपुरावे होतात. टेनेसी राज्यातल्या टेलिको धरणामुळे एक बोटभर लांबीचा मासा संपेल, असा वाद होता. 1979 मध्ये समितीने एकमताने सूट नाकारली. गंमत अशी की त्याच वर्षी तिथल्या संसदेने खर्चाच्या विधेयकात एक कलम घुसवून धरणाला वाट करून दिली. म्हणजे सुनावणी झाली की न्याय झालाच, असेही नाही.

मग आपल्याकडे दार कुठे आहे? आहे, पण बाजूचे.

एक दार झाडांचे. महाराष्ट्राच्या 1975 च्या वृक्ष कायद्याप्रमाणे झाडे तोडण्याआधी वर्तमानपत्रात आणि त्या झाडावरही नोटीस लावावी लागते, आणि हरकतीला सात दिवस मिळतात. जोडरस्त्यासाठी चित्रनगरीतली 95 झाडे तोडायला तर 2025 मध्ये पालिकेला सर्वोच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागली. दुसरे दार खारफुटीचे. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालामुळे सार्वजनिक हिताचे काम असले तरी न्यायालयाच्या परवानगीशिवाय खारफुटी तोडता येत नाही. बुलेट ट्रेनच्या सुमारे बावीस हजार खारफुटींची परवानगी डिसेंबर 2022 मध्ये तिथूनच मिळाली.

तिसरे दार जनसुनावणीचे. 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे खाण, बंदर अशा मोठ्या प्रकल्पांना ती लागते, सगळ्यांना नाही. तीस दिवस आधी नोटीस, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी समोर, चित्रीकरण होते, आणि शेवटी नोंदी स्थानिक भाषेत वाचून दाखवाव्या लागतात. भाषेचा मुद्दा आम्हाला जवळचा. 2020 मध्ये याच नियमांचा नवा मसुदा इंग्रजी-हिंदीतच आला होता. तो आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत द्या, असे दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले. त्यात मराठीही येते आणि उर्दूही. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले.

आणखी एक गोष्ट, जी बऱ्याच शिकलेल्या लोकांनाही माहीत नसते. हरित लवादाकडे वन कायद्याची, पर्यावरण कायद्याची तक्रार नेता येते. पण लवादाच्या यादीत वन्यजीव कायदाच नाही. म्हणून वन्यजीव परवानगीविरुद्ध जायचे तर उच्च न्यायालयातच जावे लागते.

झाडाची नोटीस दिसली तर आधी तिचा फोटो काढा, तारीख दिसेल असा. हरकत मराठीत लिहिली तरी चालते. नोटीस क्रमांक, झाडांचा क्रमांक, आपला पत्ता आणि नेमके कारण लिहा. “झाडे वाचवा” एवढे लिहून भागत नाही. रस्ता थोडा सरकवता येईल का, कोणती झाडे वाचू शकतात, असे विचारा. सुनावणीला बोलवावे अशी मागणी त्याच अर्जात करा. दोन प्रती न्या आणि एकीवर पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.